मुलीसाठी टेबल कुठे आहे?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. उपनगरांतल्या बाजारातून जाताना एखाद्या जिन्याशी ‘पूल पार्लर’ अशी पाटी दिसते. वर तासाच्या भाड्याने टेबल मिळते. आत कॉलेजची मुले असतात, कधी सिगारेटचा धूर असतो, कधी हरेल त्याने भाडे भरायचे अशी अट असते. घरात या पाटीचे नाव निघाले की अम्मी-अब्बांच्या कपाळाला आठी पडते. मुलाला रागावले जाते. मुलीचा तर विषयच निघत नाही.

खेळ म्हणून पाहिले तर पूल हा आपल्या कॅरमचा चुलतभाऊच आहे. नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद टेबल, सहा खिसे, एक पांढरा बॉल आणि पंधरा नंबरी बॉल. ‘एट-बॉल’ या प्रकारात एकाने 1 ते 7 आणि दुसऱ्याने 9 ते 15 नंबरचे बॉल खिशात घालवायचे. आपले संपले की शेवटी 8 नंबरचा. स्ट्रायकरच्या जागी हातात लांब काठी, तिला क्यू म्हणतात. इथे दंडाच्या ताकदीपेक्षा नजर, कोनाचा अंदाज आणि सबर जास्त लागतो. यातले एकही मुलींकडे कमी नाही. मग कमी काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अमेरिकेच्या जीन बालुकस हिच्या आयुष्यात सापडले. तिचा जन्म 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडिलांची एका पूल हॉलमध्ये भागीदारी होती आणि तिथे बायका-मुलांसह कुटुंबे येऊ शकत. जीन तिथेच काठी धरायला शिकली. सहा वर्षांची असताना तिने ग्रँड सेंट्रल या मोठ्या रेल्वे स्टेशनात लोकांसमोर खेळून दाखवले. नऊ वर्षांची असताना ती मोठ्या बायकांच्या यूएस ओपन स्पर्धेत उतरली. पुढे 1972 ते 1978 अशी सलग सात वर्षे ती स्पर्धा तिनेच जिंकली. पुरुषांच्या स्पर्धांतही ती खेळली. 1985 मध्ये अमेरिकेतल्या या खेळाच्या मानाच्या यादीत तिचे नाव गेले.

आणि 1988 मध्ये, एका दंडावरून संघटनेशी वाद झाला, तेव्हा तिने स्पर्धा कायमच्या सोडल्या. कोण बरोबर, कोण चूक, यात आम्ही पडत नाही. पण एवढी मोठी खेळाडू तिशीच्या आत व्यावसायिक खेळातून बाहेर पडू शकते, हे पालकांनी लक्षात ठेवावे. खेळाच्या कमाईला पेन्शन नसते. म्हणून तालीम सोडून खेळ नको. तालीम आणि खेळ दोन्ही बरोबर चालायला हवेत.

नोकरी सांभाळून खेळणारी बाई आपल्या देशातही आहे. बेंगळुरूच्या रेवण्णा उमादेवी सरकारी नोकरीत होत्या. कर्मचाऱ्यांच्या क्लबात त्या टेबल टेनिस खेळायला जात. तिथे नंबर लागायला वेळ लागे, म्हणून शेजारच्या बिलियर्ड्सकडे वळल्या. तेव्हा त्यांनी वयाची तिशी गाठली होती. 2012 मध्ये त्या बिलियर्ड्सच्या जागतिक विजेत्या झाल्या. आपल्या महाराष्ट्रात पुण्याची अरांचा सांचिस पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स या तिन्ही खेळांत भारतातर्फे खेळली आहे.

जीनला वडिलांचा हॉल मिळाला, उमादेवींना कर्मचाऱ्यांचा क्लब मिळाला. दोघींची गुणवत्ता अल्लाहची देणगी, पण ती दिसली कुणीतरी भल्या जागी टेबल ठेवले होते म्हणून. आपल्या उपनगरांत जिमखान्यांचे सभासदत्व सामान्य घराला झेपत नाही आणि पार्लरचे वातावरण मुलीला झेपत नाही. या दोहोंच्या मध्ये तिसरी जागाच नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत कॅरमला बसली की भल्याभल्यांना हरवते. एकदा ती भावाबरोबर पार्लरपर्यंत गेली. भाऊ आत गेला, ती जिन्यातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला विचारले, “टीचर, ते टेबल केवढं असतं?” आम्ही तिला फळ्यावर माप काढून दाखवले. त्यापुढे दाखवण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

पालकांचे आक्षेप आम्ही हलके मानत नाही. पैज लावून खेळणे हा जुगारच. त्याला आपल्या घरात जागा नाही. धुराचेही तेच. पण हे दोष खोलीचे आहेत, खेळाचे नाहीत. स्पर्धेत आयोजकाने दिलेले बक्षीस वेगळे आणि खेळणाऱ्यांनी एकमेकांच्या खिशातून काढलेला पैसा वेगळा. आपल्या मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी 1989 मध्ये आशियाई स्नूकर अजिंक्यपद पटकावले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग हाच खेळ मुलीच्या हातात आला की लगेच वाईट कसा होतो?

करण्यासारखे फार अवघड नाही. पार्लरमध्ये गर्दी संध्याकाळी होते. सकाळचे दोन तास फक्त मुलींसाठी ठेवा, धूर आणि पैज बंद, आणि कुणाचीही अम्मी किंवा खाला तिथे बसू शकेल, एवढे मोहल्ल्यातल्या चार पालकांनी मिळून मालकाशी बोलावे. त्याचीही रिकामी टेबले भरतील. मुलगी चमकली तर राज्यात बिलियर्ड्स आणि स्नूकरची संघटना आहे, राष्ट्रीय स्पर्धांत महिलांचे गट आहेत. नाही चमकली तरी बिघडत नाही. अभ्यासाच्या मधे दोन तास नजर आणि मन एका जागी ठेवायला ती शिकेल.

सगळ्या मुली जीन होणार नाहीत. पण जिन्यात उभ्या असलेल्या मुलीला आत बोलवायचे की घरी पाठवायचे, हे तिच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.