दाखला धावतो, दुरुस्ती का धावत नाही?

जून उजाडला की आमच्या वस्त्यांतून एक दृश्य हमखास दिसते. मुलाच्या हातात प्लास्टिकची फाईल असते आणि बाप एक दिवसाची मजुरी बुडवून त्याच्याबरोबर तहसील कचेरीच्या रांगेत उभा असतो. फाईलमध्ये जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, रेशनकार्ड, आधार, गुणपत्रिका. यातला एकही कागद त्या बापाने घरी छापलेला नाही. प्रत्येकावर सरकारचाच कुठला ना कुठला शिक्का आहे. तरीही सरकारच्या एका खात्याचा कागद सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे काम या बापलेकांचे! टपाल खाते जे काम पगार देऊन करून घेते, ते आमची माणसे मजुरी बुडवून करतात.

या दुखण्यावर औषध नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. औषध पंचवीस वर्षांहून अधिक काळ बाजारात आहे. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल नावाचे प्रमाण जगासाठी खुले झाले. नाव भारदस्त, गोष्ट साधी. छापील अर्जात आधी 'अर्जदाराचे नाव' असे लिहिलेले असते आणि पुढे आपण नाव भरतो. एक्सएमएलमध्ये हेच होते. प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर कोनी कंसात त्या माहितीचे नाव लिहायचे. मग महसूल खात्याची यंत्रणा एका कंपनीने बांधलेली असो आणि शिष्यवृत्तीची दुसऱ्या कंपनीने, एकाने पाठवलेली नोंद दुसऱ्याला वाचता येते. या नोंदीसोबत एक नियमपत्र असते, त्याला स्कीमा म्हणतात. रकाने कोणते, सक्तीचे कोणते, कोणत्या रकान्यात कोणती उत्तरे चालतील, हे त्यात ठरते. आमच्या वाचकांनी या लेखातला एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवायचा असेल तर तो हा, स्कीमा.

सरकारला हे माहीत नव्हते असेही नाही. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली. २००८ मध्ये खात्याखात्यांतले निरोप याच पद्धतीने इकडून तिकडे पोचवणारे एक केंद्रीय दार उभे राहिले. २००९ मध्ये व्यक्तीचे नाव, पत्ता, गाव यांच्या नोंदी कशा कराव्यात याची राष्ट्रीय प्रमाणे निघाली. २०१५ मध्ये डिजिलॉकर आले. २०१८ मध्ये आधारची सही केलेली एक्सएमएल फाईल नागरिकाला स्वतः उतरवून घेता येऊ लागली. आता नव्या कामांत जेसॉन नावाची सुटसुटीत पद्धत जास्त वापरतात, पण भांडे बदलले तरी प्रश्न तोच आहे. भांड्यात काय घालायचे, हे कोण ठरवतो?

आमच्या परिचयातल्या एका मुलीची हकीकत सांगतो. आडनाव कांबळे. जातीच्या दाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर, बापाच्या कागदांवर मराठीत सगळीकडे कांबळेच. पण इंग्रजीत एका खात्याने शेवटी एक 'ई' लिहिला, दुसऱ्याने दोन. शिष्यवृत्तीच्या संगणकाने दोन माणसे धरली आणि अर्ज परत पाठवला. मुलीने आधारावर दुरुस्ती केली. बँकेत जुनेच नाव राहिले. बँकेत दुरुस्ती केली, तोवर महाविद्यालयाच्या यादीतून जुने स्पेलिंग पुन्हा वर गेले. वर्ष संपले. फी बाकी म्हणून गुणपत्रिका अडकली. चूक एका कारकुनाच्या बोटाची, ती चार कार्यालयांत एका दिवसात पोचली. दुरुस्तीला मात्र प्रत्येक कार्यालयात पायी जावे लागले.

आमचा मुद्दा हाच आहे. माहितीची देवाणघेवाण म्हणून जे उभे राहते आहे त्यात दाखला धावतो, दुरुस्ती धावत नाही. खाते माहितीची नक्कल घेऊन स्वतःच्या गोदामात ठेवते आणि मूळ ठिकाणी ती बदलली तरी गोदामातली नक्कल तशीच राहते. हे तंत्राचे दुबळेपण मुळीच नाही. नोंद कोणी दिली, कोणत्या तारखेची, तिची कितवी आवृत्ती, हे सगळे सांगणारे रकाने त्याच फाईलमध्ये ठेवता येतात. त्यावर डिजिटल सही करता येते. नक्कल न ठेवता दर वेळी मूळ खात्याला विचारता येते. अर्ज नाकारला तर कोणत्या रकान्यात काय जुळले नाही, हे अर्जदाराला मराठीत कळवणारा रकानाही ठेवता येतो. आणखी एक गंमत सांगतो. एक्सएमएल देवनागरी अक्षरे तर घेतेच, रकान्यांची नावेसुद्धा देवनागरीत द्यायला तिची हरकत नाही. मग मराठी राज्यात मराठी नाव हे मूळ आणि इंग्रजी ही त्याची नक्कल, असे का धरले जात नाही? त्या मुलीचे मराठी नाव जुळवले असते तर अर्ज पहिल्याच दिवशी मार्गी लागला असता.

स्कीमा ही संगणकवाल्यांची बाब आहे, आपल्याला त्यात काय, असे आमचे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांना आम्ही इतिहास आठवायला सांगतो. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश घ्या. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात नियम होता की धर्म हिंदू असेल तरच जात धरायची. १९५६ मध्ये शीख जोडले गेले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्माची दीक्षा दिली. त्या लाखोंसाठी केंद्राच्या त्या नमुन्यात जागा व्हायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! माणूस तोच, वस्ती तीच, गावकऱ्यांची नजर तीच. फक्त एका रकान्यात एक शब्द चालत नव्हता. तो स्कीमा नव्हता तर काय होते?

त्याची सावली अजून गेलेली नाही. आमच्यातल्या एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू महार', वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आणि नातवाच्या दाखल्यावर 'बौद्ध' अशा नोंदी सापडतात. प्रांत कचेरीतला अनुभवी माणूस हे वाचून समजू शकतो. संगणकाला हे तीन वेगळे शब्द आहेत. धर्मांतरापूर्वीची जात आणि आजचा धर्म या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्यांना दोन स्वतंत्र रकाने हवेत आणि जुन्या नोंदींतल्या शब्दांना एकमेकांशी जोडणारी अधिकृत यादी हवी. ही यादी कंत्राटदाराच्या पोराने करायची गोष्ट नव्हे.

यादी नसली की काय होते, तेही देशाने पाहिले आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत जातीची नावे ठरावीक यादीविना, सांगितली तशी लिहून घेतली गेली. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या. २०११ च्या या मोजणीत ४६ लाखांहून अधिक नावे निघाली, असे केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आकडे निरुपयोगी म्हणून ते बासनात गेले. कोट्यवधी रुपयांची मोजणी, आणि ती एका रकान्याच्या हलगर्जीपणात वाया! आता जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला आहे. त्या मोजणीची यादी कोण तयार करतो, याकडे चळवळीचे लक्ष असलेच पाहिजे.

म्हणून सगळी खाती एकमेकांना जोडून टाका, अशी मागणी आम्ही डोळे झाकून करणार नाही. जोडणीला दुसरी धार आहे. तेलंगणात २०१६ नंतर सुमारे १९ लाख रेशनकार्डे रद्द झाली. घरी जाऊन चौकशी न करता संगणकाच्या भरवशावर ती रद्द केली, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश दिला. वेगवेगळ्या खात्यांची माहिती जुळवताना नावासारखे नाव निघाले की गरीब माणूस कागदावर मोटारमालक होतो आणि त्याच्या ताटातले धान्य जाते. शिष्यवृत्ती देताना ज्या सरकारला दोन स्पेलिंगांत दोन माणसे दिसतात, त्याच सरकारला धान्य काढून घेताना दोन माणसांत एकच माणूस दिसतो. या योगायोगाचे आम्हाला नवल वाटत नाही.

जातीच्या माहितीबाबत तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. २०१६ च्या आधार कायद्याने आधारसाठी जात आणि धर्म विचारायला मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. पण शिष्यवृत्तीच्या यंत्रणेत जात आणि आधार क्रमांक शेजारी-शेजारी बसतात. जात पडताळणी समितीला जात कळली पाहिजे. वसतिगृहाच्या खाणावळीच्या ठेकेदाराला ती कळण्याचे कारण नाही. कोणत्या खात्याला कोणता रकाना दिसेल हे ठरवता येते. ठरवायची इच्छा हवी. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलेच आहे.

जातीचा दाखला महसूल खाते देते, त्याची पडताळणी सामाजिक न्यायाच्या समित्या करतात, प्रवेश शिक्षण खाते देते आणि पैसे आणखी एका यंत्रणेतून येतात. १९४४ मध्ये सुरू झालेली ही शिष्यवृत्ती आज या चार दारांतून जाते. या चारांमध्ये कोणती माहिती कोणत्या रकान्यात जाते, हे आमच्या चळवळीने कधी मागून पाहिले आहे काय? प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. मागणी एवढीच ठेवावी: या यंत्रणांमध्ये माहिती पाठवण्याचा स्कीमा, जात व धर्माच्या रकान्यांत चालणाऱ्या शब्दांची यादी, ती ठरवणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त, आणि दुरुस्ती पुढच्या खात्याला कळवण्याची ठरलेली मुदत. वैयक्तिक माहितीचे कारण सांगून अर्ज फेटाळतील, अशी भीती बाळगू नये. रकान्यांच्या यादीत कोणाही व्यक्तीचे नाव नसते.