विश्लेषण : पेट्रोल पंपाखालची टाकी गळली तर भूजलाचे काय होते?

देशातील पेट्रोल पंपांची संख्या एक लाखाच्या घरात गेली आहे. प्रत्येक पंपाखाली जमिनीत इंधनाच्या टाक्या पुरलेल्या असतात. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्याच वर्षी पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. या दोन्ही गोष्टींचा संबंध सहसा कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या या टाक्यांशी आहे. तो कसा, याचा आढावा.

गळती लवकर का कळत नाही?

पंपावरील एका टाकीची क्षमता साधारण २० हजार लिटर असते. जुन्या पोलादी टाक्या आणि पाइपचे सांधे ओलाव्याने गंजतात व इंधन थेंबाथेंबाने झिरपू लागते. टाकीतील साठा रोज मोजला जातो. पण तापमान एका अंशाने बदलले, तरी २० हजार लिटर पेट्रोलचे आकारमान सुमारे २० लिटरने कमी-जास्त होते. बाष्पीभवनाची घट वेगळीच. त्यामुळे दिवसाला आठ-नऊ लिटरची गळती रोजच्या हिशेबात सहज लपून जाते. वर्षाअखेरीस मात्र तीन हजार लिटर पेट्रोल मातीत गेलेले असते.

जमिनीत गेलेल्या पेट्रोलचे काय होते?

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलाच्या पातळीपर्यंत झिरपते आणि तिथे तवंगासारखे पसरते. काही भाग मातीच्या कणांना चिकटून राहतो आणि पावसाळ्यात पातळी वर आली की पुन्हा पाण्यात उतरतो. खरा धोका त्यातील बेन्झीनचा. या घटकामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ‘बीएस-६’ पेट्रोलमध्ये बेन्झीन कमाल एक टक्का, म्हणजे लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम असू शकते. एवढे बेन्झीन जवळपास नऊ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. इथे पाणी खडकातील भेगांमधून वाहते. त्यामुळे एक विहीर स्वच्छ, तर शेजारची बोअरवेल दूषित असे होऊ शकते आणि गळतीचा माग काढणे अवघड जाते.

सांता मोनिकामध्ये काय घडले?

हवेचे प्रदूषण कमी व्हावे म्हणून अमेरिकेत १९९० च्या दशकात पेट्रोलमध्ये ‘एमटीबीई’ या रसायनाचा वापर वाढला. ते पाण्यात सहज विरघळते आणि लवकर नष्ट होत नाही. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराच्या चार्नॉक भागातील विहिरींमध्ये ते आढळल्याने १९९६ मध्ये त्या बंद कराव्या लागल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जवळपास निम्मा स्रोत गेला. परिसरातील पेट्रोल पंपांच्या टाक्या आणि पाइपलाइनमधील गळती त्यामागे होती. शहराला बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले, न्यायालयात जावे लागले. या विहिरींचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात येईपर्यंत एका दशकाहून अधिक काळ लोटला. भूमिगत टाक्यांच्या साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची अमेरिकेत आजवर नोंद झाली आहे. सफाईसाठी तिथे इंधनावरील करातून १९८६ मध्येच स्वतंत्र निधी उभारण्यात आला.

इथेनॉलमुळे काय बदलते?

इथेनॉल एमटीबीईसारखे टिकून राहत नाही. जमिनीतील जिवाणू ते लवकर फस्त करतात. अडचण तिथेच आहे. इथेनॉल खाताना जिवाणू भूजलातील प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे बेन्झीनचे विघटन रखडते आणि ते अधिक दूरपर्यंत जाऊ शकते. इथेनॉल पाणीही शोषून घेते. तळाशी पाणी साचलेल्या जुन्या टाकीला गंजाचा धोका वाढतो. म्हणून इंधन बदलताना टाक्यांची तपासणीही तितकीच गरजेची ठरते.

नियम काय सांगतात?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा वा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी भागापासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असल्यास जादा सुरक्षा उपायांसह हे अंतर किमान ३० मीटर असावे. २०२५ च्या नियमांनुसार संशयित दूषित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची असते. त्यानंतर राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि दोषी आढळणाऱ्याने सफाईचा खर्च उचलायचा. मात्र, ही सारी प्रक्रिया जागा यादीत आल्यावरच सुरू होते. पंपाशेजारच्या विहिरीचे पाणी कुणी तपासलेच नाही, तर ती जागा यादीत येणार कशी, हा कळीचा प्रश्न आहे.

नागरिकांनी काय करावे?

विहीर किंवा बोअरवेलच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला वा तवंग दिसला, तर ते पिऊ नये आणि उकळूनही वापरू नये. तिथे काडी पेटवू नये, मोटार सुरू करू नये. ग्रामपंचायत किंवा महापालिका आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पाण्याच्या तपासणीची मागणी करावी आणि तक्रारीची पोच घ्यावी.