शोध आधी, आयत मागाहून

विश्व प्रसरण पावत आहे हे कुराणाने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले, असा दावा गेली काही दशके हिरीरीने मांडला जात आहे. आधार म्हणून 51 व्या सूरेतील 47 वी आयत पुढे केली जाते. हा दावा पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन जुनी भाषांतरे पुरेशी आहेत.

मार्माड्यूक पिक्थॉल हे 1920 ते 1924 या काळात मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते. पुढे ते निजामाच्या हैदराबादेत गेले आणि 1930 साली त्यांचे कुराणाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. अब्दुल्ला यूसुफ अली यांचा जन्म 1872 साली मुंबईतच झाला. त्यांचे भाषांतर 1934 पासून लाहोरला छापले जाऊ लागले. दोघेही श्रद्धावान, दोघेही अरबीचे जाणकार. एडविन हबल यांनी दीर्घिका दूर जात असल्याचा पुरावा 1929 सालीच मांडला होता. तरीही या दोघांना त्या आयतीत आकाशाची विशालताच दिसली, प्रसरण दिसले नाही. मूळ अरबी शब्दाला विस्तार, सामर्थ्य, संपन्नता अशा अनेक छटा आहेत. सिद्धांत सर्वमान्य झाल्यावर त्यांतील सोयीची तेवढी उचलायची आणि तिलाच भाकीत म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. आयत वाचून कोणी दुर्बीण रोखली आणि नवा शोध लावला, असे एकही उदाहरण हे प्रचारक देत नाहीत.

भ्रूणाच्या अवस्थांविषयीचा युक्तिवादही त्याच जातीचा. ‘अलक’ या शब्दाचे रक्ताची गुठळी, चिकटून लोंबणारी वस्तू, जळू असे तिन्ही अर्थ होतात. कोणता तरी चित्राशी जुळणारच. शिवाय ग्रीक वैद्य गॅलेन याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच भ्रूणाच्या चार अवस्था वर्णिल्या होत्या. या न्यायाने त्यालाही प्रेषित मानावे लागेल, पण ती तयारी कोणाची नाही!

1976 साली मॉरिस ब्यूकाय या फ्रेंच वैद्याच्या पुस्तकाने या साहित्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. आखाती राजवटींच्या आश्रयाने ते जगभर पसरले आणि मुंबईत झाकिर नाईक यांच्या व्याख्यानांतून घरोघरी पोहोचले. दोघेही डॉक्टर, हे श्रोत्यांना आवर्जून सांगितले जाते. परंतु वैद्यकाची पदवी ही खगोलशास्त्राची सनद ठरत नाही. आणि या प्रवृत्तीला विरोध म्हणजे इस्लामला विरोध, असेही कोणी मानू नये. कुराणात सर्व शास्त्रे धुंडाळणे गैर आहे, असे ग्रॅनाडाचे धर्मपंडित शातिबी यांनी 14 व्या शतकातच बजावले होते.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एखादा मराठी वाचक हे सारे वाचून गालातल्या गालात हसेल. त्याने जानेवारी 2015 आठवावा. मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातील विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा त्याला आधार, ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांतच रचले गेले आणि त्यातील विमाने उडणे अशक्य आहे, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 सालीच दाखवून दिले होते. ग्रंथ निराळा, धर्म निराळा; विचाराची लबाडी एकच. शेजाऱ्याच्या ग्रंथापुरते जागे होणाऱ्या बुद्धीला विवेक म्हणता येत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा असता, तर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. निष्कर्ष आधी ठरवायचा आणि पुरावा मागाहून गोळा करायचा, ही सवय पोथीपाशी थांबत नाही. छत्तीसगडच्या खेड्यात मूल दगावते, बैगा एका विधवेकडे बोट दाखवतो आणि मग तिचे प्रत्येक जुने भांडण, प्रत्येक शिव्याशाप पुरावा बनून उभा राहतो. सारे कसे अचूक जुळते! त्या जुळण्यापायी कष्टकरी स्त्रियांनी मार खाल्ला, गाव सोडले, प्राण गमावले. 2005 साली छत्तीसगडला टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवणे हाच त्यात गुन्हा आहे.