परिसंस्थेच्या पाठातील गाळलेले पान

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, असे आपल्या समाजात अनेकदा ऐकू येते. भाकरीचा, नोकरीचा आणि अत्याचाराचा प्रश्न समोर उभा असताना झाडे, पाखरे नि मातीची चर्चा कशाला, असा या म्हणण्याचा रोख असतो. आम्हाला हे मत मान्य नाही. आणि इतिहास शिकवीत असल्यामुळेच मान्य नाही.

विज्ञानाच्या पुस्तकात परिसंस्थेचा पाठ असतो. पाणी, हवा, माती, तापमान हे अजैविक घटक. वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव हे जैविक घटक. दोहोंच्या देवघेवीतून परिसंस्था घडते, असे तो पाठ सांगतो. सातारा जिल्ह्यातील मुलांना हे समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुक्याला पाचशेच्या आसपास पावसावर भागवावे लागते. सह्याद्री ढग अडवितो, म्हणून पश्चिमेला सदाहरित वने आणि पूर्वेला बाभळी, कुसळे व मेंढरांचे कळप. कासच्या पठारावर जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे. त्या मातीत नत्र कमी, म्हणून तेथील काही वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवितात.

पाठ येथे संपतो आणि आमचा आक्षेप येथून सुरू होतो. माणूस त्या पाठात जैविक घटकांच्या यादीतील एक नाव म्हणून येतो. माणसामाणसांत पाणी कसे वाटले जाते, याविषयी पाठ मौन पाळतो.

1901 साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्थानकावर उतरले. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. मसूरहून बैलगाडीने निघालेल्या त्या मुलांजवळ जेवण होते. पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बाप तलावाच्या कामाचा हिशेब ठेवीत होता आणि लेकरे तहानलेली होती. ही तहान पर्जन्यछायेने दिलेली नव्हती. ती जातीने दिलेली होती.

हा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी सांगली जिल्ह्याकडे पाहावे. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले गेले. काळ्या, चिकण जमिनीत निचरा होत नाही. भूजल वर चढते, त्यासोबत क्षार वर येतात. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. मातीतील गांडुळे व उपयुक्त जिवाणू कमी होतात आणि भरघोस ऊस देणारे रान क्षारपड होते. रान पडले की सर्वांत आधी भूमिहीनाची मजुरी बुडते. त्याच जिल्ह्यातील जत, आटपाडीची माणसे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आली आहेत.

याच जिल्ह्याने दुसरा मार्गही दाखविला आहे. नदीपात्रातील वाळू पाणी धरून ठेवते. येरळेची वाळू बेसुमार उपसली गेली, तेव्हा विहिरींचे पाणी खोल गेले. 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी-बलवडीच्या ग्रामस्थांनी या उपशाविरुद्ध लढा दिला. थोडी वाळू स्वतः विकून त्यांनी बळीराजा स्मृती धरणासाठी पैसा उभा केला आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. वाळू, पाणी, पीक आणि न्याय यांचा विचार तेथे एकत्र झाला.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या वादात दाखविले आहे. तेव्हा पाण्याचा प्रश्न आपल्याला परका कसा असेल?

या निवासी शाळेत शिकून गेलेले अनेक जण आज शिक्षक, अभियंते, ग्रामसेवक आहेत. त्यांना व पालकांना आमची विनंती आहे : गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाईल, तेव्हा हजर राहावे आणि भूमिहीन कुटुंबाचा हिस्सा किती, हे विचारावे. शाळेनेही आवारात पर्जन्यमापक बसवावा. मुलांनी पावसाची आणि विहिरीच्या पातळीची नोंद ठेवावी. त्याच वहीत, गावातील कोणती वस्ती कोठून पाणी भरते, हेही लिहावे. पुस्तकातून गाळलेले पान आपल्या मुलांनीच लिहून पूर्ण करावे, असे आम्हाला वाटते.

जय भीम.