डाव्या कुशीपलीकडे: गर्भवतीची झोप आणि डमडमची रात्र

सातवा महिना सरला की गर्भवतीला घरातून, शेजारातून आणि दवाखान्यातून एकच सूचना मिळू लागते: डाव्या कुशीवर झोप. सूचना चुकीची नाही. परंतु झोपेचा सारा भार तिने एका कुशीवर, म्हणजे अखेर एका स्त्रीवर टाकलेला असतो. ती ज्या खोलीत निजते तिथला उकाडा, खिडकीबाहेरचा गोंगाट, तिच्या रक्तातले लोह यांविषयी ही सूचना मौन पाळते. कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम परिसराकडे पाहिले म्हणजे हे मौन किती महाग पडते याची कल्पना येते.

आधी कुशीचे विज्ञान पाहू. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत स्त्री उताणी झोपली की गर्भाशयाचे वजन पाठीच्या कण्यालगत असलेल्या अधोमहाशिरेवर येते. शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे परतणारे रक्त त्यामुळे अडते. ऑकलंडच्या संशोधकांनी एमआरआयच्या साहाय्याने हे मोजले, तेव्हा उताण्या स्थितीत हृदयाकडून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त सुमारे 16 टक्क्यांनी घटलेले आढळले. शरीर पर्यायी शिरांमधून वाट काढते, म्हणून बहुतेक बाळांना काही होत नाही. जे बाळ आधीच कमी वाढीचे किंवा अशक्त वारेवर तगलेले असते, त्याला मात्र ही तूट सोसत नाही.

2019 साली पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात 28 आठवड्यांनंतर मृतजन्म झालेल्या 851 आणि गर्भ सुखरूप असलेल्या 2257 स्त्रियांची तुलना होती. निजताना उताणे असण्याशी मृतजन्माची शक्यता सुमारे 2.6 पट असण्याचा संबंध दिसला. याच विश्लेषणातल्या आणखी दोन गोष्टी मात्र घराघरांत पोहोचल्या नाहीत. एक, उजवी कूस डावीइतकीच सुरक्षित आढळली. दोन, प्रत्येक स्त्री कुशीवर निजली असती तरी त्या लोकसंख्येतले सुमारे 5.8 टक्के उशिराचे मृतजन्म टळले असते, असा तिचा अंदाज होता. हा आकडा क्षुल्लक नव्हे, पण उरलेल्या 94 टक्क्यांचे काय हा प्रश्न त्याच्यामागे उभा राहतोच. शिवाय हे सारे अभ्यास आधी झोप कशी होती हे नंतर विचारणारे आहेत. अमेरिकेत आधीपासून नोंदी ठेवून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात 30 आठवड्यांपर्यंतच्या झोपेच्या स्थितीचा असा संबंध आढळला नाही. म्हणून शेवटच्या तिमाहीत कुशीवर निजावे हा सल्ला योग्य ठरतो, आणि रात्री जाग आल्यावर आपण उताणे आहोत हे पाहून घाबरून जाणे अनाठायी ठरते. कुशीवर वळावे आणि पुन्हा झोपावे, इतकेच.

या विश्लेषणात भारतातला एकही स्वतंत्र अभ्यास नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2019 साली भारतात सुमारे 3 लाख 40 हजार मृतजन्म झाले. जगातल्या कोणत्याही देशाहून ही संख्या अधिक होती. जिथे दुःख सर्वांत मोठे तिथली रात्र कोणी मोजलेलीच नाही.

मोजणी नसली की तिची जागा समजुती घेतात. अनेक मराठी घरांत, आणि महाराष्ट्राबाहेरही, गर्भवतीला बजावले जाते की कूस बदलताना आधी उठून बसावे आणि मग दुसऱ्या अंगावर वळावे, नाहीतर बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळते. वस्तुतः नाळ गुंडाळली जाते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालींमुळे. गळ्याभोवती नाळेचा वेढा साधारण चार-पाच जन्मांत एकदा दिसतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. आईच्या वळण्याशी त्याचा संबंध नाही. पण या समजुतीची किंमत खरी आहे. नवव्या महिन्यात रात्रीतून आठ-दहा वेळा कूस बदलणारी स्त्री दर वेळी उठून बसू लागली, तर अर्धवट झोपेत सहज होणारी हालचाल पूर्ण जागरणात बदलते. प्रेमापोटी दिलेला सल्ला झोपेचे तुकडे करतो.

तुकडे करणारी इतर कारणे शरीरातच असतात. मूत्राशयावर दाब येतो, जठरातले आम्ल वर चढते, बाळ रात्री अधिक जाणवते. खोल झोपेचा वाटा मुळातच घटलेला असतो. म्हणजे शेवटच्या तिमाहीतली स्त्री अशा अवस्थेत असते की थोड्याशा आवाजानेही तिला जाग यावी. आणि नेमक्या अशा अवस्थेत ती डमडममध्ये राहत असते.

मराठी वाचकांच्या कानावर डमडम हे नाव बहुधा बंदुकीच्या गोळीमुळे आलेले असते. शरीरात शिरल्यावर पसरणारी ती गोळी इथल्या शस्त्रकारखान्यात तयार झाली आणि 1899 च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांवर बंदी घातली. भारतीय ग्रामोफोन तबकड्यांचा मोठा कारखानाही इथलाच. आज या परिसराची ओळख म्हणजे कोलकात्याचा विमानतळ. तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याच्याभोवती दाट वस्ती आहे. दोन्ही धावपट्ट्या साधारण उत्तर-दक्षिण आहेत. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते आणि उडते. उन्हाळ्यात उपसागराकडून दक्षिणेचा वारा येतो, त्यामुळे तेव्हा विमाने उत्तरेकडून उतरतात आणि दक्षिणेकडे झेपावतात.

हाच दक्षिणेचा वारा कोलकात्याच्या घरांचा प्राण आहे. तिथे घर निवडताना ‘दक्षिण-खोला’, म्हणजे दक्षिणेला उघडे, हा मोठा गुण मानतात. मे महिन्यात रात्रीचा किमान पारा 26-27 अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि दमटपणामुळे घाम वाळत नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. गर्भवतीच्या शरीरात तर उष्णता अधिक निर्माण होत असते. तेव्हा खिडकी उघडायची, तर विमानाचा आवाज आत येतो. बंद करायची, तर उकाडा. दक्षिण डमडमसारख्या भागांत डेंग्यूच्या साथी पुन्हा पुन्हा येतात, म्हणून मच्छरदाणी हवीच, आणि पंख्याचा वारा मच्छरदाणीत निम्माच पोहोचतो. वातानुकूलन यंत्र ज्यांना परवडते त्यांची या पेचातून सुटका होते. 2022 साली 68 देशांतल्या 47 हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी पट्ट्यांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात दिसले की उष्ण रात्री झोप कमी करतात, आणि हे नुकसान स्त्रियांचे, वृद्धांचे व गरीब देशांतल्या लोकांचे अधिक होते. त्या अभ्यासात गर्भवतींचा वेगळा गट नव्हता. तो असता तर निष्कर्ष सौम्य निघाला असता असे मानायला कारण दिसत नाही.

आता कायद्याकडे वळू. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. 2018 साली केंद्र सरकारने विमानतळांसाठी वेगळी मानके काढली. वर्षाला 50 हजारांहून अधिक उड्डाणे-अवतरणे असणाऱ्या विमानतळाभोवतीच्या ध्वनिक्षेत्रात रात्रीची मर्यादा 65 डेसिबल ठरली. कोलकाता ही संख्या सहज ओलांडतो. फरक वीस डेसिबलांचा. पण डेसिबल ही लॉगॅरिथमची मोजपट्टी असल्यामुळे वीसचा अर्थ ध्वनीची ऊर्जा शंभरपट. त्याच 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने रात्रीचा विमानांचा आवाज 40 डेसिबलच्या खाली ठेवण्याची शिफारस केली होती.

मुख्य गफलत मात्र आकड्याच्या आकारात नाही, तो आठ तासांची सरासरी आहे यात आहे. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एक विमान डोक्यावरून जाताना 20 सेकंद 75 डेसिबल आवाज झाला आणि उरलेली रात्र अगदी शांत होती असे धरू. आठ तासांत 28,800 सेकंद. सरासरी निघते सुमारे 43 डेसिबल. अशी दहा विमाने गेली तर 53. सरासरी 65 वर पोहोचायला रात्रभरात 144 विमाने लागतील, म्हणजे दर तीन मिनिटे वीस सेकंदांनी एक. इतक्या विमानांपर्यंत रात्र नियमात बसते! झोपलेला मेंदू मात्र सरासरी काढत नाही. प्रत्येक आवाजाला तो वेगळा प्रतिसाद देतो, आणि खोलीतल्या आवाजाचा शिखरबिंदू पस्तीस डेसिबलच्या आसपास गेला की जागरणाची शक्यता वाढू लागते. उघडी खिडकी आवाज दहा-पंधरा डेसिबलांनीच अडवते. बाहेरचे 75 आत 60 होऊन येतात.

याचा बाळाशी संबंध आहे का? अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाजवळचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. नव्या दिशादर्शक व्यवस्थेमुळे उड्डाणमार्ग एकवटले, तेव्हा विमानतळाजवळ मार्गाखाली राहणाऱ्या आणि 55 डेसिबलांहून अधिक आवाज सोसणाऱ्या मातांना कमी वजनाचे बाळ होण्याचे प्रमाण 1.6 टक्के-गुणांनी वाढल्याचे त्यात आढळले. एका शहराचा एक अभ्यास म्हणजे निकाल नव्हे. पण संशय घेण्यास तो पुरेसा आहे, आणि 55 हा आकडा भारतीय मर्यादेपेक्षा दहा डेसिबलांनी खाली आहे हे विसरता येत नाही.

कोलकाता या बाबतीत मागास शहर नाही, हा यातला विरोधाभास. ध्वनिवर्धकांना लगाम घालणारा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल 1996 चा आहे, केंद्राचे नियम येण्यापूर्वी चार वर्षांचा. न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी त्यात मांडले की कोणालाही सक्तीचा श्रोता बनवता येणार नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने झोपेला मूलभूत हक्कांत स्थान दिले. ध्वनिवर्धकाविरुद्ध नागरिकाला तक्रार करता येते. आकाशातून येणाऱ्या आवाजाला मात्र वेगळी, सैल मोजपट्टी लागते.

आणि शासनाचा सल्ला? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2010 च्या प्रसूतिपूर्व सेवेच्या मार्गदर्शिकेत गर्भवतीने रात्री आठ तास झोपावे व दिवसा दोन तास विश्रांती घ्यावी असे सांगितले आहे. ध्वनिनियमांतली रात्रही बरोबर आठ तासांचीच आहे. एक मंत्रालय त्या आठ तासांत झोपायला सांगते, दुसरे त्याच आठ तासांना 65 डेसिबल मंजूर करते, आणि दोघांमध्ये सांधा जुळवण्याचे काम जिच्या पोटात बाळ आहे तिच्याकडे सोपवले जाते.

विमानतळ हलणार नाही आणि हवामानही एका वर्षात बदलणार नाही, हे मान्य. पण काही गोष्टी दवाखान्याच्या टेबलावर आजच होऊ शकतात. गर्भारपणात साधारण पाचपैकी एका स्त्रीला रात्री पायांत वळवळ, ओढ, सतत पाय हलवण्याची इच्छा असा त्रास होतो. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम हे त्याचे नाव. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, कारण मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या विकराला लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त होत्या, पश्चिम बंगालमध्ये 62.3 टक्के. अशा स्त्रीला कुशीवर झोपायला सांगणे म्हणजे अर्धाच उपचार आहे. तिचे लोह तपासायला हवे. तसेच मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे ही थट्टेची बाब नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात गर्भारपणातल्या अशा श्वसनविकाराशी प्रीएक्लॅम्पसियाचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे दिसले.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांबरोबर रात्री किती वेळा जाग येते आणि कशाने, हे विचारायला एक मिनिट लागते. डमडमसारख्या भागातल्या केंद्रांनी ती उत्तरे वस्तीनुसार आणि विमानांच्या वेळांनुसार मांडली, आणि त्याच वस्तीतल्या शयनगृहांत सरासरीऐवजी शिखर आवाज मोजला गेला, तर रात्री कोणत्या वेळी कोणती धावपट्टी वापरावी या निर्णयासमोर प्रथमच झोपणाऱ्यांची बाजू मांडलेली असेल.