पाटीवर नाव आहे, नोंदीत आहे का?



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. वंदना आटोपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे विहाराच्या ओट्यावर लोकांचे फॉर्म भरून देत बसलो होतो. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्डात नाव घालणे, अशी ही कामे. नाशिकरोडच्या एका वस्तीतील भगिनी आपल्या सव्वातीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आल्या. पिशवीतून त्यांनी पावत्यांचा गठ्ठा काढला आणि विचारले, "भाऊ, ह्या पावत्या लावून सरकारकडून काही मदत मिळंल का?"

आम्ही पेशाने कारकून. कागद हातात आला की आमची नजर आधी क्रमांकाकडे जाते. पावत्या 'स्पीच थेरपी'च्या होत्या. एका वेळचे चारशे रुपये, आठवड्यातून दोन वेळा, असे आठ महिने. महिन्याला बत्तीसशे धरले तर एकूण पंचवीस हजार सहाशे रुपये! नवरा सातपूरला कंत्राटी कामगार आणि बाई चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. गळ्यातली पोत गहाण पडली होती. पावतीवर नावापुढे 'डॉ.' होते, मोबाईल नंबर होता, पण नोंदणी क्रमांक कोठेच नव्हता.

आम्ही विचारले, "ताई, पोराचे कान तपासले का?"

"नाही भाऊ. ते म्हणले, जीभ जड हाय. बोलंल हळूहळू."

आम्ही मुलाच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. पोरगे ढिम्म हलले नाही. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो आम्हाला अजून विसरता येत नाही. दोन दिवसांनी सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते, असा निकाल आला. ज्याला शब्द ऐकूच येत नव्हता, त्याच्यापुढे आठ महिने चित्रांची कार्डे नाचवली जात होती.

येथे आमचीही चूक कबूल केली पाहिजे. वर्षभरापूर्वी याच बाईंनी आम्हाला विचारले होते, "भाऊ, पोरगं बोलत नाही." तेव्हा आम्ही मोठ्या जाणतेपणाने म्हणालो होतो, "बोलेल ताई, मुलगे उशिराच बोलतात." आजी वेखंड उगाळून मधात चाटवत होती, आम्ही धीर चाटवला. दोन्हींचा उपयोग सारखाच.

मग आम्ही त्या सेंटरवर गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. समोर पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगेला तरुण, आपल्यासारख्याच कष्टकरी घरातला. त्याने प्रमाणपत्र दाखवले. ते खोटे नव्हते. श्रवण, भाषा आणि वाचा या विषयांतील एक वर्षाचा डिप्लोमा त्याने रीतसर केला होता. म्हणजे तो सहाय्यक होता. सुरुवातीला एक तज्ज्ञ मॅडम महिन्यातून एकदा येत असत, पुढे त्यांनी येणे सोडले. नोंदणीची मुदतही संपून गेली होती. "आणि हे डॉक्टर?" आम्ही पाटीकडे बोट दाखवले. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, लोकच डॉक्टर म्हणतात. पाटीवर नसलं तर येत नाहीत."

त्याच्या या वाक्याने आमचा अर्धा राग गेला, पण उरलेला अर्धा राहिला आणि तो राहिलाच पाहिजे. त्यासाठीच आजचा हा विषय.

आपल्या भाबड्या लोकांना वाटते, डॉक्टरकीला कायदा आहे, बाकी सारे मोकळे रान. तसे नाही. रिक्षा चालवायला बॅज लागतो, मग मुलाच्या वाचेवर उपचार करायला काहीच लागत नसेल का? 1992 साली संसदेने भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा केला. त्या वर्षाचा तो 34वा कायदा. जून 1993 पासून परिषद कायदेशीर अधिकाराने काम करू लागली आणि 2000 साली कायद्यात सुधारणा झाली. अपंगांच्या पुनर्वसनाचे काम करणारे व्यावसायिक कोण, याची यादी या कायद्यात आहे. तिच्यात पहिलाच मान ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांना आहे. श्रवणयंत्राचे तंत्रज्ञ आणि विशेष शिक्षकही त्यात येतात. फिजिओथेरपीसाठी आपल्या राज्याची वेगळी परिषद आहे, पण स्पीच थेरपीची नोंदणी दिल्लीच्या या केंद्रीय परिषदेकडेच होते. त्या नोंदवहीला 'केंद्रीय पुनर्वसन नोंदवही' म्हणतात. कोणता अभ्यासक्रम मान्य, कोणत्या संस्थेचा मान्य, हेही परिषदच ठरवते.

कायद्याचे तेरावे कलम सांगते की, नोंदवहीत नाव नसेल तर त्या माणसाने हा व्यवसाय करू नये. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात लिहिली गेली. एक हजार रुपये! आमच्या बाईंनी तेवढे दहा दिवसांतच भरले होते. दंडाचा धाक एवढाच असेल तर पहारा आपल्यालाच द्यावा लागणार, हे उघड आहे.

आता तज्ज्ञ आणि सहाय्यक यांतला फरक नीट समजून घ्या. तज्ज्ञ म्हणजे बारावी विज्ञाननंतर ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची चार वर्षांची पदवी घेतलेला. त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्याचे. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवीही असते. मूल का बोलत नाही याचे निदान करणे, चाचण्यांचा अर्थ लावणे आणि उपचाराचा आराखडा आखणे हे त्याचे काम. सहाय्यक एक वर्षाचा डिप्लोमा करतो. तज्ज्ञाने आखून दिलेले व्यायाम मुलाकडून करून घेणे, प्राथमिक तपासणी करणे, नोंदी ठेवणे हे त्याचे काम. कचेरीत साहेब आणि कारकून असतात तसेच हे. आमच्यावाचून फाईल हलत नाही हे खरे, पण साहेबाची सही आम्ही मारली तर तो गुन्हाच.

अमेरिकेत प्रत्येक राज्य थेरपिस्टला आपापला परवाना देते. तेथेही सहाय्यक असतात, पण त्यांनी परवानाधारक तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काम करावे, स्वतः निदान करू नये, असा दंडक आहे. म्हणजे प्रश्न सगळीकडे सारखाच. तज्ज्ञ कमी, गरजू फार, आणि मधली जागा कोणी भरायची?

सहाय्यकांना शिव्या देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या आईला दर आठवड्याला शहरातल्या तज्ज्ञाकडे येणे परवडेल काय? गावाजवळ शिकलेला सहाय्यक असेल आणि त्याच्यामागे तज्ज्ञ उभा असेल, तर ते मोठेच काम होईल. आमचे भांडण सहाय्यकाशी नाही, त्याच्या नावापुढच्या खोट्या 'डॉ.'शी आहे.

एवढा आग्रह कशासाठी? कारण भाषेचे वय थांबत नाही. मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत ऐकून ऐकून भाषा उचलते. जन्मतःच ऐकू येत नसेल तर पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचार सुरू व्हावेत, असे या विषयातील जाणकार सांगतात. पंचवीस हजार रुपये पुन्हा कमावता येतील, गहाण पोतही सोडवता येईल. पोराचे गेलेले आठ महिने कोणता सावकार परत देणार?

म्हणून माता-भगिनींनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

1) बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, वर्षाचे होऊनही एखादा शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नका. "बाप पण उशिरा बोलला होता" ही सबब चालवू नका.

2) आधी कान तपासा, मग थेरपी. लहान बाळाचीही तपासणी होते. 'बेरा' नावाची चाचणी बाळ झोपलेले असताना करतात, त्याला काही दुखत नाही. कान न तपासता कोणी थेरपी सुरू करत असेल तर उठून या.

3) थेरपिस्टकडे पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मुदत संपलेली नाही ना ते पाहा, नोंदणीचे ठराविक काळाने नूतनीकरण करावे लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासता येते. स्वतःला जमत नसेल तर शिकणाऱ्या मुलाला सांगा. क्रमांक मागण्यात कोणाचा अपमान नाही. खरा तज्ज्ञ तो भिंतीवरच लावतो.

4) उपचार करणारा सहाय्यक असेल तर त्याचा तज्ज्ञ कोण, तो मुलाला केव्हा पाहणार, हे विचारा. पावती घ्या, तिच्यावर क्रमांक लिहून घ्या. फसवणूक झाली तर परिषदेकडे लेखी तक्रार करा.

5) सरकारी सोयी सोडू नका. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. या कार्यक्रमात ऐकू न येणे आणि भाषा उशिरा येणे हे दोन्ही धरले आहेत, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची तरतूद आहे. श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. तिच्यातूनच पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते. त्या कामाची मुख्य संस्था म्हणजे वांद्रे येथील 1983 सालची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत श्रवणदोष आणि वाचा-भाषादोष दोन्ही आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या.

हे केवळ मुलांपुरते नाही. पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा, तंबाखूच्या कर्करोगात स्वरयंत्र गमावलेला कामगार, तोतरे बोलणारा तरुण, या सर्वांना या उपचाराची गरज असते.

जाता जाता बारावी विज्ञानला असलेल्या आमच्या मुला-मुलींना एक सांगणे. सारे डॉक्टर-इंजिनिअरच्या मागे धावता, पण या व्यवसायाचे नावही आपल्या घरांत ठाऊक नसते. महाराष्ट्रात ही पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 सालापासून आपल्या नाशकातच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला उभे आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघून घ्यावी. राखीव जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे. आपल्या वस्तीतून एक जरी तज्ज्ञ निघाली, तरी आईशी आईच्या बोलीत बोलणारे कोणी तरी त्या खुर्चीत बसेल.

त्या तरुणाने 'डॉ.' खोडून पाटी नव्याने रंगवली आणि एका नोंदणीकृत तज्ज्ञांच्या हाताखाली काम धरले. नूतनीकरणाचा अर्ज आम्हीच त्याला भरून दिला. बाईंच्या मुलाला दोन्ही कानांना यंत्रे बसली आहेत. परवा तो विहारात आला होता. आम्ही मागून टाळी वाजवली. त्याने वळून पाहिले. शब्द अजून यायचे आहेत, तज्ज्ञ म्हणतात वेळ लागेल. पण तो वळला.

आपल्याही घरातल्या बाळाच्या मागे आज एकदा टाळी वाजवून पाहा. आणि ते वळले तरी, शब्द वेळेवर येत नसतील तर तज्ज्ञाकडून कान तपासून घ्याच. टाळी म्हणजे तपासणी नव्हे, ती फक्त आपल्याला जागे करण्यासाठी.