सहा आठवड्यांची मुदत

अर्भकाचा कान दुमडलेला असला की घरातील वडीलधारी माणसे ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून आईची समजूत घालतात. काही कान पहिल्या आठवड्यात आपोआप सरळ होतातही. उरलेले पुढे शाळेत चेष्टेचा विषय ठरतात. ऐकण्यात बहुधा उणे नसते. उणेपणा मुलाच्या मनात साठत जातो.

या व्यंगावर शस्त्रक्रियेवाचून उपाय आहे. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे नवजात बालकाच्या कानाची कूर्चा मऊ असते. त्या दिवसांत मऊ साचा व चिकटपट्टी लावून कान काही आठवडे योग्य आकारात धरून ठेवला, तर तो आकार टिकतो. जपानमध्ये मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली यासंबंधीचा अनुभव प्रसिद्ध केला. त्वचेला इजा होऊ नये म्हणून देखरेख हवी. आणि ज्याचा कानच अपुरा घडला आहे, त्याला हा उपाय लागू नाही. मात्र सुमारे सहा आठवड्यांत संप्रेरक ओसरते, कूर्चा ताठर होते. मग उरते ती पाच-सहा वर्षांनंतर भूल देऊन करावयाची शस्त्रक्रिया.

तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नसून ते वेळेवर कोणाच्या दारी पोचते, याचा आहे. सधनांना तयार साचा विकत घेता येतो. ऊसतोड मजुराच्या बाळाचे सहा आठवडे फडावरच सरतात.

वस्तुतः याच बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्तीच्या बाळाच्या घरी सहा भेटी ठरलेल्या आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेली घरपोच नवजात बालसेवा २०११ साली देशाने स्वीकारली, तिचेच हे फळ. परंतु २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत बहिरेपणा आला, कानाचा आकार आला नाही.

कुपोषण असताना ही चैन कशाला, असे कोणी विचारील. पण येथे मागणी नव्या इमारतीची नाही. प्रसूतिगृहातून घरी सोडताना बाळाचे कान पाहावेत, आशाताईंनी भेटीत ते पुन्हा पाहावेत आणि जिल्हा रुग्णालयात साचा विनामूल्य मिळावा, एवढेच. मात्र हे वाढीव काम ‘स्वयंसेविका’ म्हणून आशाताईंवर फुकट लादता कामा नये. त्याचा मोबदला याच मागणीचा भाग आहे. आपापल्या तालुक्यात ती मांडणे हे कार्यकर्त्यांचे काम होय.